तुम्ही विचारलंत म्हणून : छावणीतली माणसं दिवसभर करतात तरी काय?

गेल्या सात वर्षांत हा प्रश्न मला इतक्या ठिकाणी विचारला गेला आहे की तो कुठल्या क्षणी येणार हे आता मला आधीच कळू लागले आहे. कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान संपून चहाचे कप फिरू लागले की कोणीतरी खुर्ची पुढे ओढून विचारते. लग्नाच्या पंगतीत नात्यातल्या एखाद्या काकू जिलबीचा आग्रह मध्येच थांबवून विचारतात. एकदा तर स्वारगेटहून घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्याने सिग्नलला मागे वळून विचारले होते. "मॅडम, धान्य तुम्ही देता, पाणी तुम्ही देता, शाळा आणि दवाखाना तुमचाच. मग ती छावणीतली माणसं दिवसभर करतात तरी काय?"

या प्रश्नात दुष्टपणा नसतो, हे मी प्रथम नमूद करते. निर्वासितांची छावणी म्हटली की आपल्यासमोर जे छायाचित्र येते त्यात बहुधा एक लांब रांग असते आणि रांगेतल्या माणसांच्या हातांत रिकामी भांडी असतात. छायाचित्र काढणारा रांगेच्या या टोकाला उभा असतो. त्या टोकाला जो माणूस मापाने ज्वारी ओततो आहे, जी बाई यादीवर खूण करते आहे आणि जो मुलगा रांग मोडू नये म्हणून घसा कोरडा करतो आहे, ती तिघेही त्याच छावणीत राहणारी, त्याच युद्धातून पळून आलेली माणसे असतात, हे छायाचित्रात दिसत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की छावणीतली माणसे दिवसभर छावणी चालवतात. ज्यांना एवढ्यावर समाधान वाटत नाही, त्यांच्यासाठी पुढचे लिहिते आहे.

मी पुण्यात समाजकार्याचे शिक्षण घेतले, इथल्याच वस्त्यांमध्ये काही वर्षे बालपोषणाचे काम केले आणि २०१६ ते २०१८ या काळात एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या पोषण विभागात केनियातल्या काकुमा इथल्या छावणीत होते. काकुमा केनियाच्या वायव्येस, तुर्काना या कोरड्या प्रदेशात आहे. दक्षिण सुदानची सीमा तिथून फार दूर नाही. सुदानमधल्या यादवीतून हजारो मुले आईबापांवाचून चालत आली, त्यांच्यासाठी १९९२ साली ही छावणी उभी राहिली. पुढे सोमालिया, इथिओपिया, काँगो, बुरुंडी अशा देशांतून माणसे येत राहिली आणि तात्पुरती म्हणून उभारलेली वस्ती तीन दशकांत लाखोंची झाली. मी तिथे गेले तेव्हा तिथेच जन्मून, तिथल्याच शाळेत शिकून, तिथल्याच शाळेत मास्तर झालेली तरुण मुले मला भेटली. त्यांच्या वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी असत.

ज्या गृहस्थांच्या हाताखाली मी खऱ्या अर्थाने काम शिकले (कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते) त्यांना सगळे "काका" म्हणत. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. माझ्या पुणेरी कानांना मात्र तो वडीलधाऱ्यांचाच शब्द वाटे, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना माझ्या मनात आपोआप आदरार्थी क्रियापद येई. ते मला "दादा" म्हणत, कारण स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. सुट्टीवर आले असताना हे घरी सांगितले, तर धाकटा भाऊ आठवडाभर मला ताईऐवजी दादा म्हणत होता. काका पूर्व काँगोतल्या एका रुग्णालयात ११ वर्षे परिचारक होते. सलाइन लावणे, बाळंतपण करणे, मलेरियाचा रुग्ण नुसत्या नजरेने ओळखणे हे सगळे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगले येत होते. छावणीत ते सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांच्या एका गटाचे प्रमुख होते.

त्यांचा दिवस उन्हाआधी सुरू होई. सकाळी साडेसहाला ते आपल्या विभागात फेरीला निघत. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या दंडाला मापाची पट्टी लावायची. दंडाचा घेर १२५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी पिवळ्यावर येते, ११५ च्या खाली गेला की लाल. लाल आलेल्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. नुसते सांगून भागत नाही, कारण आईच्या मागे आणखी चार मुले, पाण्याची पाळी आणि चूल असते. मग काका शेजारणीला त्या चौघांजवळ बसवत, पाण्याच्या नळावर पाळी सांभाळणाऱ्या बाईला निरोप देत आणि मग त्या आईबरोबर चालू लागत. शेजारीण निर्वासित, नळावरची बाई निर्वासित आणि दवाखान्यात गेल्यावर दिन्का भाषेतले दुखणे इंग्रजीत सांगणारा दुभाष्याही निर्वासितच. दवाखान्यातला केनियन डॉक्टर किंवा कार्यालयातली मी, आम्ही या साखळीच्या शेवटी येत होतो, आणि दिवसअखेर अहवालात "आम्ही इतक्या मुलांना उपचार दिले" असे वाक्य मात्र मीच लिहीत होते.

आता पैशाचे सांगते, कारण तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे त्यांना पगार मिळतो?" त्यांना पगार मिळत नाही. त्यांना जे मिळते त्याला तिथे "इन्सेंटिव्ह" म्हणतात. हा शब्द तिथे इतका मुरला आहे की तो माणसालाही लागतो. "तो कोण?" असे विचारले तर "तो इन्सेंटिव्ह आहे" असे उत्तर मिळते. करारात त्यांचे पद स्वयंसेवक असे असते. काकांना महिन्याकाठी मिळणारी रक्कम मला दौऱ्यावर असताना मिळणाऱ्या फार तर दोन दिवसांच्या भत्त्याएवढी होती. ही रक्कम कोणा एका संस्थेने आपल्या मर्जीने ठरवलेली नसते. छावणीतल्या सगळ्या संस्था एकत्र बसून कामानुसार दराचे एक कोष्टक ठरवतात आणि त्याच्या वर कोणी जायचे नाही असे मान्य करतात. त्यामागचे कारण मला समजते. एखादी पैसेवाली संस्था जास्त देऊ लागली तर शाळेतले सगळे मास्तर तिच्या गोदामात हमालीला जातील आणि शाळा ओस पडेल. पण मजुरीचा दर मजुरांना खोलीबाहेर ठेवून ठरतो तेव्हा तो नेहमी खालच्या बाजूनेच का ठरतो, हा प्रश्न मी त्या बैठकींत कधी विचारला नाही, आणि आज तो इथे विचारते आहे यात फारसे शौर्य नाही.

इन्सेंटिव्ह हा प्रकार पुण्यातल्या श्रोत्यांना समजावून देताना मला कधीच अडचण आली नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे: मानधन. मान दिला की धन कमी देता येते, ही सोय आपण फार पूर्वी शोधून ठेवली आहे. माझी आई पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत २६ वर्षे अंगणवाडी सेविका होती. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सेविका आणि मदतनीस या दोघींना पहिल्यापासून मानधनच मिळत आले. २००५ नंतर आलेल्या आशांच्या तर नावातच महाराष्ट्राने "स्वयंसेविका" हा शब्द घातला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आशांचा गौरव केला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे सांगितले, आणि तरीही डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडीताईंना दीड महिन्याहून अधिक काळ संपावर जावे लागले. आई तोपर्यंत निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. आमच्या घरात लहानपणी मानधन वेळेवर आले की त्या महिन्यात श्रीखंड होत असे. ते फार वेळा होत नसे.

म्हणून काकुमात पहिल्या महिन्याच्या शेवटी, सह्या करून पैसे घेणाऱ्यांची रांग पाहिली तेव्हा मला ती परकी वाटली नाही. फरक मोठा होता तो असा की माझ्या आईला हे काम नको असते तर ती मंडईत भाजी विकू शकली असती, दुसऱ्या शहरात जाऊ शकली असती किंवा निदान मोर्चा तरी काढू शकत होती. काकांना छावणीबाहेर जायचे तर सरकारी प्रवासपरवाना लागे आणि बाहेर नोकरी करायची तर कामाचा परवाना, जो निर्वासिताच्या हाती पडणे जवळजवळ अशक्य होते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात कलम १७ ते १९ ही नोकरी, स्वयंरोजगार आणि व्यवसाय यांच्या हक्कांबद्दलच आहेत आणि केनियाने तो करार १९६६ साली स्वीकारलेला आहे. तरीही कलम आणि परवाना देणारी खिडकी यांत किती अंतर असू शकते, हे तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेल्या कोणालाही मी सांगायला नको. २०२१ साली केनियाने नवा निर्वासित कायदा केला आणि हे दार काहीसे उघडण्याचे आश्वासन दिले. बांगलादेश, जॉर्डन आणि आपला भारत यांनी तर त्या करारावर सहीच केलेली नाही. मग संस्था मधला मार्ग काढतात: नोकरी देता येत नाही म्हणून स्वयंसेवा देतात, आणि पगार देता येत नाही म्हणून प्रोत्साहन.

या व्यवस्थेच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हमखास केला जातो. या लोकांना शिधा, पाणी आणि निवारा फुकट मिळतो, तेव्हा त्यांना पूर्ण पगाराची गरज नाही, असा तो आहे. मी स्वतः तो नव्या सहकाऱ्यांना ऐकवला आहे. एकदा काकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "दादा, तुझ्या खोलीचं भाडं किती आहे?" मला कुंपणाच्या आतली खोली संस्थेनेच दिलेली होती, पाणी आणि वीज फुकट होती, जेवण जवळजवळ फुकट होते, आणि त्यामुळे माझा पगार एका शिलिंगानेही कमी झालेला नव्हता. उलट खडतर ठिकाणी राहते म्हणून मला वर वेगळा भत्ता मिळत होता. त्यानंतर मी तो युक्तिवाद पुन्हा केला नाही.

असे असूनही माणसे ही कामे मागतात, एका जागेसाठी पन्नास अर्ज येतात, हेही तितकेच खरे आहे. हातात रोख पैसा येण्याचा दुसरा मार्ग फार थोड्यांना असतो. शिध्याचा काही भाग तेव्हा मोबाइलवर येणाऱ्या रकमेच्या रूपाने मिळू लागला होता, त्याला "बांबा चाकुला" म्हणत, पण ती रक्कम ठरलेल्या दुकानांत फक्त अन्नावर खर्च करता येई. मुलीच्या चपला किंवा गावाकडे करायचा फोन त्यातून होत नसे. इन्सेंटिव्ह मिळवणाऱ्याला सोमाली दुकानदार उधारीवर माल देई, कारण महिनाअखेर पैसे येणार याची त्याला खात्री असे. एका पगारावर असे चार घरांचे खाते चाले. (मी इथे पगार लिहून गेले. तसेच राहू देते.) जॉर्डनमधल्या झाअतरी छावणीत, जिथे सिरियातून आलेली सुमारे ८० हजार माणसे अनेक वर्षे राहत होती, साध्या कामांची पाळी ठरावीक काळाने बदलतात, म्हणजे अधिक घरांना थोडे थोडे पैसे मिळतात. हे न्याय्य आहे की नाही यावर माझे मत अजून पक्के होत नाही. पाळी आलेल्या घराला ते न्याय्य वाटते आणि पाळी संपलेल्या घराला वाटत नाही.

पण काकांची अडचण पैशाच्या पलीकडची होती, आणि ती समजायला मला एक चूक करावी लागली. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही.

२०१७ च्या सुरुवातीला कार्यालयात कुजबूज सुरू झाली की आरोग्य कार्यकर्ते आपल्याच जमातीच्या मुलांची नावे पूरक आहाराच्या यादीत घालतात. पुरावा कोणाकडे नव्हता. मी नवी होते, पारदर्शकता हा शब्द मला फार आवडत असे, आणि मी एक टिपण लिहून सुचवले की कोणीही आपल्या स्वतःच्या विभागात काम करू नये, सर्वांची अदलाबदल करावी. टिपण मंजूर झाले. काँगोचे कार्यकर्ते सोमाली घरांकडे, सोमाली कार्यकर्त्या दक्षिण सुदानी घरांकडे, अशी मांडणी झाली. पुढच्या तीन महिन्यांत लाल आणि पिवळ्या पट्टीच्या मुलांचे आकडे स्पष्टपणे खाली आले. वरून माझे कौतुक करणारे पत्र आले, तेही मी जपून ठेवले होते.

एका दुपारी काका रजिस्टर घेऊन आले आणि त्यांनी ते माझ्यासमोर उघडे ठेवले. "मुलं बरी झालेली नाहीत, दादा. आमच्यासाठी दार उघडायचं बंद झालंय." परक्या भाषेचा माणूस दारात उभा राहिला की आया मुलांना आत घेत. कोणाला वाटे हा शिधापत्रिकेतली नावे मोजायला आला, कोणाला वाटे मुलाला घेऊन जाईल. मोजलीच न गेलेली मुले माझ्या तक्त्यात निरोगी ठरली होती. अदलाबदल मी मागे घेतली, पण त्यात आणखी काही आठवडे गेले, आणि त्या महिन्यांत दवाखान्यात फार उशिरा पोहोचलेली मुले मला आजही आठवतात. आईला हे सांगितले तेव्हा तिने एवढेच म्हटले की तिच्या वस्तीत तिला दार उघडले जायला दोन वर्षे लागली होती, आणि तिची तर भाषा तीच होती.

ज्या गोष्टीमुळे काकांसारखा माणूस संस्थेला हवा असतो, म्हणजे तो त्या गल्लीतला असतो, त्याच गोष्टीमुळे संस्था त्याच्यावर संशय घेते. गल्लीचेही तसेच. त्याच्या गळ्यात संस्थेचे ओळखपत्र असते, म्हणून वेळप्रसंगी तो कामाचा माणूस असतो, आणि त्याच ओळखपत्रामुळे शिधा कमी झाला की तो "त्यांचा माणूस" ठरतो. २०१७ च्या उत्तरार्धात निधी आटल्याने शिधा कापला गेला, तेव्हा ते घरोघर जाऊन सांगण्याचे काम अर्थातच काकांच्या गटाकडे आले. मी त्या दिवशी कार्यालयात बसून त्यांच्यासाठी सूचनापत्रक तयार केले होते, सोप्या भाषेत, चित्रांसह. संध्याकाळी ते परतले तेव्हा शर्टाची बाही फाटलेली होती. काय झाले असे विचारल्यावर म्हणाले, "काही नाही, चित्रं आवडली लोकांना." कापलेल्या शिध्यात त्यांच्या स्वतःच्या घरच्या सहा जणांचाही शिधा होता, हे माझ्या लक्षात रात्री उशिरा आले.

२०१९ साली मी चार महिने बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत होते. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तिथे आले आणि कुटुपालाँगची वस्ती जगातली सर्वांत मोठी निर्वासित वस्ती झाली. तिथे बांबूच्या एकेका शाळाघरात दोन शिक्षक असत, एक बांगलादेशी आणि एक रोहिंग्या. दोघे एकाच चटईवर बसून त्याच मुलांना शिकवत. एकाला पगार होता, दुसऱ्याला मानधन. २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि बाहेरच्या कर्मचाऱ्यांचे छावणीत येणे फार कमी झाले, तेव्हा आजारी माणसांची चौकशी करत घरोघर फिरणारे रोहिंग्या स्वयंसेवकच होते. २२ मार्च २०२१ रोजी तिथे मोठी आग लागली आणि सुमारे ४५ हजार लोकांचे निवारे गेले. अग्निशमन दलाच्या आधी आगीशी झुंजलेले आणि म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन धावलेले स्वयंसेवक रोहिंग्याच होते, आणि त्यातल्या अनेकांची स्वतःची घरे त्या वेळी मागे जळत होती.

हे सगळे आफ्रिकेतले किंवा सीमेपलीकडचे आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी बनगावची आठवण देते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले आणि पश्चिम बंगालमधल्या बनगाव भागात कॉलऱ्याने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा एवढे घालून ते तोंडाने पाजायचा निर्णय घेतला, आणि त्या उपचाराखालच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, ते योग्यच झाले. परंतु ते पाणी कपाकपाने, रात्रभर जागून पाजले कोणी? रुग्णांच्या आयांनी, भावांनी, शेजाऱ्यांनी, म्हणजे नुकत्याच सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांनी. परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून तेच परिचारक झाले.

एका ठिकाणी निर्वासितांना रीतसर नोकरी आणि रीतसर पगार मिळतो, तेही सांगायला हवे. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९४९ साली स्थापन केलेल्या अन्‍रवा या संस्थेत सुमारे ३० हजार कर्मचारी राहिले आहेत आणि त्यांतले बहुसंख्य स्वतः पॅलेस्टिनी निर्वासित आहेत. ते शिक्षक, डॉक्टर, सफाई कामगार आहेत, त्यांच्या संघटना आहेत, ते पगारवाढीसाठी संपही करतात. परदेशी कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी तिथेही वेगळी आहे, पण काम करणाऱ्याला कर्मचारी म्हटले जाते. त्याची किंमत काय असते हे ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात दिसले. या संस्थेचे दोनशेहून अधिक कर्मचारी तिथे मारले गेले, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात कुठल्याही संघर्षात गेले नव्हते इतके. त्यांची मोजदाद तरी होऊ शकली, कारण ते नोंदवहीत कर्मचारी म्हणून होते. स्वयंसेवक मेला तर तो बहुधा नुसताच "छावणीतला रहिवासी" म्हणून मोजला जातो.

माझ्या निरोपाच्या दिवशीचे सांगून थांबणार होते, पण नंतरही एक गोष्ट घडली, तेव्हा दोन्ही सांगते. निरोपाचे जेवण कार्यालयाच्या कुंपणाच्या आत, संध्याकाळी सातला ठेवले होते. सहानंतर निर्वासितांना आत येण्यास मनाई होती, इन्सेंटिव्ह असले तरी. मी यादी दिली, विनंती केली, नियम तो नियम असे उत्तर आले. दोन वर्षे ज्यांच्याबरोबर काम केले त्यांच्यापैकी एकही जण जेवायला नव्हता आणि ज्यांची नावे मला नीट आठवत नव्हती अशा लोकांनी माझ्याबद्दल भाषणे केली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि गटातल्या बाकीच्यांनी इथिओपियन बाजारातल्या एका टपरीत मला कॉफी पाजली. पैसे मला देऊ दिले नाहीत.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि त्याचे धक्के जगभरच्या छावण्यांना बसले. मार्चमध्ये काकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. त्यांच्या गटातल्या १४ जणांपैकी नऊ जणांना कमी केले होते आणि त्यात ते स्वतः होते. नोकरी नव्हतीच, त्यामुळे नोटीस नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्यांना दुसऱ्या एका संस्थेत अर्ज करायचा होता आणि अनुभवाचे प्रमाणपत्र हवे होते. जे प्रमाणपत्र मिळाले होते त्यात लिहिले होते की या व्यक्तीने "समाजासाठी स्वेच्छेने वेळ दिला". सोळा वर्षे सकाळी साडेसहाला निघणाऱ्या माणसाविषयी असे लिहिलेले होते. त्यांनी विचारले, दादा, तू काही लिहून देशील का?

मी त्या संस्थेत आता नाही, माझ्या पत्राला अधिकृत वजन नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोन पाने लिहिली. त्यांनी किती कार्यकर्ते घडवले, कोणती रजिस्टरे ठेवली, साथीच्या काळात काय केले आणि माझी चूक त्यांनी कशी पकडली, हे सगळे लिहिले. आई समोर शेंगा सोलत होती. कोणाला पत्र लिहितेस, असे तिने विचारले, आणि मी सांगितल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटले, आता तीही तोच प्रश्न विचारणार.

"किती घरं होती त्याच्याकडे?" तिने विचारले.

मी म्हटले, एकशे चाळीस.

"आणि मदतनीस?"

नव्हती, असे मी सांगितले. तिने हातातली शेंग तशीच ठेवली आणि पत्रात हे लिहिलेस का, असे विचारले. ते लिहायचे राहिले होते. मी पान परत उघडले आणि घरांचा आकडा घातला.